घरच्यांना विचारायचंच नाही?

आमच्या सांगलीच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. आतेभावाने लिहिलं, 'आपल्याकडे अवयवदान कमी होतं, कारण घरचे अडवतात. इंग्लंडसारखा कायदा करा. मेलेल्या माणसाचे अवयव ही देशाची संपत्ती, घरच्यांना विचारायचंच कशाला?' त्याखाली अंगठ्यांची रांग.

मला संताप आला तो इंग्लंडचं नाव पुढे केल्याचा. मी राहते कार्डिफला, आणि ब्रिटनमध्ये हा कायदा सगळ्यात आधी आमच्या वेल्समध्ये आला, 1 डिसेंबर 2015 रोजी. इंग्लंडने तो 2020 च्या मे महिन्यात घेतला. सज्ञान माणसाने हयातीत 'नको' म्हटलं नसेल, तर त्याची संमती धरली जाते. पण म्हणून घरच्यांना डावलत नाहीत. याच कामासाठी तयार केलेली नर्स घरच्यांना वेगळ्या खोलीत बसवते, चहा देते आणि विचारते, 'यावर ते कधी काही बोलले होते का?' घरचे नाहीच म्हणाले, तर डॉक्टर सहसा पुढे जात नाहीत. स्पेनमध्येही असा कायदा 1979 पासून आहे. पण तिथलं दान वाढलं ते 1989 नंतर, रुग्णालयांमध्ये अवयवदान समन्वयकांचं जाळं उभं राहिल्यावर. आपल्याकडे कित्येक आयसीयूंत मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदू कायमचा थांबलेला पण हृदय व्हेंटिलेटरवर चालू, जाहीरच केला जात नाही. त्यावर ग्रुपमध्ये एक अक्षर नाही.

आणि संपत्ती कसली? मृतदेह कुणाच्याच मालकीचा नसतो, असं इथल्या कोर्टाने 1882 मध्येच सांगून ठेवलंय. आपल्या 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातही मृतदेहाला मालक नाही. आहे ती 'मृतदेह कायद्याने जिच्या ताब्यात आहे ती व्यक्ती'.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादा मात्र गप्प राहिला. का, ते मला माहीत आहे.

2017 साली सांगली-मिरज रस्त्यावर आमच्या वडिलांच्या, आण्णांच्या स्कूटरला अपघात झाला. पुण्यातल्या एका रुग्णालयात ते व्हेंटिलेटरवर होते. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या केल्या आणि मेंदूमृत्यू सांगितला. समन्वयक बाई दादाशी बोलल्या. दादा हो म्हणाला, आईही हो म्हणाली. त्याने मला फोन केला तेव्हा मी कार्डिफच्या सोफिया गार्डन्सला हीथ्रो विमानतळाच्या कोचच्या रांगेत उभी होते. मी ओरडलेच, 'मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मला त्यांचा हात गरम असताना धरायचाय.'

ते थांबले. मुंबईत उतरून फोन चालू केला, तर पहाटेच आण्णांचं हृदय बंद पडलं होतं. डोळे तेवढे देता आले. मूत्रपिंडं, यकृत, सगळं वाया गेलं. आण्णांची चाळीस वर्षं हळदीच्या अडतीवर गेली होती; नखांच्या कडा कायम पिवळ्या. मी हात धरला तेव्हा तो गार होता, कडा तशाच पिवळ्या होत्या.

आतेभाऊ म्हणतो ते अडवणारे घरचे म्हणजे मी. सहा वर्षं परदेशात काढून, आण्णांच्या कुठल्याच आजारपणात एकदाही उशाशी न बसता, शेवटच्या दिवशी मी त्यांच्या देहावर हक्क सांगितला. तरीही मी म्हणते, विचारायलाच हवं. न विचारता त्यांना नेलं असतं, तर मी आजही त्या रुग्णालयाला शिव्या देत असते. चूक झाली ती आधीची. आण्णांना काय हवं होतं, हे आम्ही जेवताना कधी विचारलंच नव्हतं.

इथल्या कायद्यात एक अट आहे. मृत्यूआधी किमान बारा महिने वेल्समध्ये राहत असलेल्या माणसाचीच संमती धरली जाते. बारा महिने झाले की वेल्स तुम्हाला आपलं धरतं. मला केव्हाच दहा वर्षं उलटली. सांगलीत मात्र रेशनकार्डावरून माझं नाव लग्नानंतर कमी झालं, ते झालंच.

परवा रविवारी मी अवयवदानाच्या रजिस्टरवर 'हो' नोंदवलं, सगळ्या अवयवांपुढे. मग दादाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'अस्थी तरी कृष्णेत सोडायला येतील ना?'

'येतील,' मी म्हटलं.

'मग दाजींना आत्ताच सांगून ठेव,' तो म्हणाला, 'आम्ही पोचेपर्यंत थांबू नका म्हणावं.'