पॉट बदलला आणि आवाज वाढला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा राग एका जागी अगदी रास्त आहे, तिथे शेवटी येतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) बदलून अॅम्प्लिफायरची ताकद वाढत नाही, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की खरखरणारा A50K (50K म्हणजे 50 हजार ओहम) काढून तुम्ही B50K लावलात आणि पूर्वी नॉब अर्ध्यावर न्यावा लागायचा तिथे आता पाव फिरवला तरी घर भरतं. शिवाय बास भरदार झाला. म्हणजे माझं लिखाण पुस्तकी.

तुमच्या कानांनी तुम्हाला फसवलेलं नाही. नॉबच्या त्याच जागी आवाज खरोखर वाढलाय. पण तो वाढवला 50K या आकड्याने नाही, त्याआधीच्या अक्षराने. हल्लीच्या बहुतेक पॉटवर A म्हणजे लॉग (सुरुवातीला थोडाच सिग्नल सोडणारा) आणि B म्हणजे लिनियर (जितका फिरवाल तितक्याच प्रमाणात सोडणारा). (काही जुन्या युरोपीय पॉटवर नेमकं उलटं असतं, म्हणून अक्षरावर विसंबू नका.) पॉट सुटा काढा, नॉब बरोबर मध्यावर ठेवा आणि मधला पाय व ग्राउंडचा पाय यांच्यामध्ये मल्टीमीटर लावा. 25K च्या आसपास दिसलं तर लिनियर, 5 ते 7.5K दिसलं तर लॉग.

आता हिशेब करू. लॉग पॉट अर्ध्यावर सिग्नलचा साधारण 15 टक्के भाग पुढे सोडतो, म्हणजे फुलपेक्षा सुमारे 16.5 डेसिबल खाली. लिनियर पॉट पाव फिरवल्यावरच 25 टक्के सोडतो, म्हणजे 12 डेसिबल खाली. अर्ध्यावर तर फक्त 6. थोडक्यात, तुमच्या नव्या पॉटचा पाव हा जुन्याच्या अर्ध्यापेक्षा साडेचार डेसिबलने मोठा आहे. दोन्ही अर्ध्यावर ठेवले तर फरक दहा डेसिबलच्या वर जातो, आणि दहा डेसिबलला आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

पण दोन्ही नॉब फुल करून पाहिलेत का? तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही. तिथे दोन्ही पॉट सगळाच्या सगळा सिग्नल सोडतात. 200 हर्ट्झचा टोन लावा, स्पीकरवर एसी व्होल्ट मोजा. आकडा तोच येईल. टोन मात्र अगदी हळू रेकॉर्ड केलेला घ्या, नाहीतर ट्वीटरची (उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची) खैर नाही.

उलट तुम्ही गमावलंय ते असं. सीडी प्लेअर कमाल 2 व्होल्ट देतो. समजा तुमचा अॅम्प 1 व्होल्टलाच पूर्ण ताकदीवर जातो. मग जोरकस रेकॉर्डिंगच्या वेळी लिनियर पॉटवर ही हद्द अर्ध्या फेरीतच संपते आणि उरलेली अर्धी फेरी नुसती फाटक्या आवाजाची. रात्री हळू ऐकायचं तर सगळी कसरत सुरुवातीच्या चिमूटभर जागेत. मी स्वतः एकदा हेडफोनच्या अॅम्पला चुकून B लावला होता. नॉबला बोट लागलं आणि हेडफोन अक्षरशः उडवून दिले.

बासचं म्हणाल तर तो पॉटचा गुण नव्हे, मोठ्या आवाजाचा. आवाज कमी असताना आपल्या कानाला खालचे सूर जास्त क्षीण ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये त्याचे आलेखच मांडले. जुन्या रिसीव्हरवरचं लाउडनेसचं बटण याचसाठी. नुसता एक डेसिबल वाढवला तरी 'आवाज मोकळा झाला' म्हणणारे भेटतात. मीही म्हटलंय.

आता माझी चूक. 'पॉट किती ओहमचा आहे याने काहीच फरक पडत नाही' असं मी ठोकून दिलं होतं. ते चुकलं. आधीच्या स्टेजचा (म्हणजे पॉटला सिग्नल देणाऱ्या सर्किटचा) आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे तिचा अंतर्गत विरोध, शंभर-दोनशे ओहम असेल तर ठीक. पण तो 10K असेल, तर 100K चा पॉट एक डेसिबलही खात नाही आणि 10K चा पॉट सरळ 6 डेसिबल खातो, तेही नॉब फुल असताना. त्या लेखात दुरुस्ती करतोय.

तुम्ही 50K च्या जागी 50K च लावल्यामुळे हे तुमच्या बाबतीत घडलेलं नाही. B काढायचा नसेल तर मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये 4.7K चा रेझिस्टर डागा, स्टिरिओ पॉट असेल तर दोन्ही बाजूंना. अर्ध्यावर सुमारे 17 डेसिबल खाली येईल, म्हणजे जवळपास जुनीच चाल. फक्त नॉब फुल असताना आधीच्या स्टेजवर साडेचार K पेक्षाही कमी ओहमचा, म्हणजे जास्त जड, लोड येतो, तो तिला झेपतो का ते आधी पाहा. नसेल झेपत, तर सरळ नवा A50K घ्या. आणि जुना अजून टाकला नसेल तर एकदा मध्यावर मोजून आकडा इथे कळवा, 5 च्या जवळ निघतो की 7.5 च्या, ते मलाही बघायचंय.