सही करा, बघू नका

दहावीचा फॉर्म पोराचा, फी आई-बापाची, आणि भरणार कोण? शाळेतला बाबू. आपण खाली सही ठोकायची. वर काय लिहिलंय ते वाचायला दोन मिनिटं मागितली की तोंड वाकडं: "मैडम, पीछे लाइन लगी है."

सीबीएसईत शाळेतल्या मुलानं स्वतः फॉर्म भरायची सोयच नाही. नववीत शाळा नोंदणी करते, दहावीत शाळाच पोर्टलवर एलओसी, म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी, चढवते. पाच विषयांचे यंदा १६०० रुपये, विषयामागे ३२०. पैसे आमच्याकडून वाजवून घेतात. पण पोर्टलवर नक्की काय भरलं ते बघायचं असेल तर लॉगिन शाळेचं, पासवर्ड शाळेचा. आम्हाला मिळते एक फिकट प्रिंट, तीही काउंटरच्या जाळीतून. फोटो काढायचा नाही म्हणे, 'गोपनीय' आहे. माझ्याच मुलाचं नाव आणि जन्मतारीख माझ्यापासून गोपनीय!

बरं, नाव तरी नीट लिहा. आमच्याकडे पोराचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. तीन पिढ्या इंदूरात गेल्या तरी ही पद्धत सुटली नाही, आणि का सुटावी? आधारवर तसंच आहे. केजीत प्रवेश घेतला तेव्हा शाळेनं मधलं नाव आपल्या मनानं उडवलं आणि स्कॉलर रजिस्टरमध्ये नाव-आडनाव एवढंच चढवलं. दहा वर्षं कुणाचं काही अडलं नाही. आता अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर एकच ओळख नंबर, काढायचा, त्याला शाळेच्या नोंदीतलं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. जुळेना. बाबू आधार कार्ड डोळ्यांसमोर धरून मला विचारतो, "इसमें पापा का नाम बीच में क्यों घुसा है?"

घुसलंय! लोकमान्य नगरात, रामबागेत, सुदामा नगरात एवढी मराठी घरं आहेत, त्या प्रत्येक घरातल्या पोराच्या नावात बाप घुसलेला आहे. या शाळेत दरवर्षी वर्गात चार-पाच तरी मराठी मुलं असतात. दरवर्षी हाच प्रश्न येत असणार, आणि दरवर्षी बाबूला नव्यानं आश्चर्य वाटत असणार.

अपार तसा ऐच्छिक, पालकांच्या संमतीनं काढायचा. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र 'कंपल्सरी', तेही तीन उद्गारचिन्हं लावून. मग तोडगा काय सुचवला? शाळेची नोंद दुरुस्त करणार नाहीत, आम्हीच आधारवरून मधलं नाव काढून आणायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. चूक शाळेच्या रजिस्टरची, आणि त्यातला एक चान्स खर्च करायचा माझ्या पोरानं. वर पंधरा वर्षं पूर्ण झाली की आधारचे बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा द्यावे लागतात. पंधरावं लागतं नेमकं नववी-दहावीत. त्यामुळे केंद्रावर अख्ख्या शहराचे नववी-दहावीवाले एकाच रांगेत, हातात टोकन, पाठीला दप्तर. त्यात गणपती, मग अनंत चतुर्दशीच्या झांक्या, अर्धं शहर बंद. एलओसीची मुदत मात्र सप्टेंबरअखेर. नंतर भरायचं तर मुलामागे २००० रुपये लेट फी. ती कुणाच्या खिशातून जाते हे सांगायला नकोच.

"नाम में इतना क्या है मैडम, बाद में करवा लेना." हे वाक्य ज्यानं काढलं त्याला एकदा बोर्डाच्या भोपाळच्या रीजनल ऑफिसला पाठवा. पूर्वी आपलं सगळं अजमेरला होतं, आता भोपाळ, एवढाच काय तो विकास. दहावीची मार्कशीट म्हणजे नुसते मार्क नाहीत. पासपोर्ट, कॉलेज, नोकरी, सगळीकडे जन्मतारखेचा दाखला म्हणून हाच कागद पुढे करावा लागतो. त्यावर चुकलेलं नाव नंतर बदलायला लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागलीय. २०२१ मध्ये जिग्या यादव खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की नाव हा माणसाच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे. जे काम सुप्रीम कोर्टात जाऊन निस्तरावं लागतं ते आमच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईत, जाळीतून.

एवढ्यावर भागलं असतं तर गप्प बसले असते. प्रिंट परत करता करता गणितापुढचा आकडा दिसला: २४१. स्टँडर्ड गणिताचा कोड ०४१. २४१ म्हणजे बेसिक. आमच्या घरात बेसिकचा विषयसुद्धा निघाला नव्हता. पोराला अकरावीला गणित घ्यायचंय, भंवरकुआंला क्लासची चौकशी करून बाप-लेक आलेसुद्धा. दोन्ही गणितांचा अभ्यासक्रम एकच, वर्गातलं शिकवणं एकच, शाळेच्या हातातले २० मार्कही तसेच. फक्त बोर्डाचा पेपर बेसिकला सोपा असतो. अवघड जातं त्या मुलांसाठी ही सोय केली, आणि चांगली केली. पण निवड मुलानं करायची ना?

गणिताच्या सरांना गाठलं. शांतपणे म्हणाले, "युनिट टेस्ट में कम थे, तो हमने सेफ कर दिया." सेफ कुणाला केलं हो सर? चौकात दरवर्षी तुमचं फ्लेक्स लागतं, '१००% रिझल्ट', खाली टॉपरचे पासपोर्ट फोटो आणि मध्ये संचालकांचा त्यांच्या चौपट मोठा. युनिट टेस्टला ताप होता म्हणून पोराला मार्क कमी पडले आणि यांनी त्याला परस्पर फ्लेक्सच्या सोयीनं खाली सरकवलं. त्याला विचारलं नाही, आम्हाला विचारलं नाही. एलओसी एकदा गेली की विषय बदलता येत नाही. मी कोड वाचला नसता तर फेब्रुवारीत पेपर हातात पडल्यावर कळलं असतं.

बदलून दिलं शेवटी. पण कसं? माझ्याकडून लिहून घेतलं की 'परिणाम की जिम्मेदारी पालक की रहेगी'. त्यांनी बेसिक टाकलं तेव्हा जिम्मेदारी कुणाची होती, त्याचा कागद नाही.

गंमत बघा. ओपन स्कूल, एनआयओएस, नाव काढलं की आमच्याकडे आत्या-मावश्या नाक मुरडतात, "नापास झाला का ग?" तिथं मूल स्वतः ऑनलाइन नाव नोंदवतं, विषय स्वतः निवडतं, भरलेलं स्वतः बघतं. पाच वर्षांत नऊ संधी. आणि हजारो रुपये महिना फी घेणाऱ्या एसी शाळेत पोराला आपला विषय कोणता भरला तेही कळत नाही. वर दहावीला आता दोन परीक्षा, दुसरी मेमध्ये, तीन विषयांपर्यंत सुधारता येतं. ऐकायला छान. तिचीही यादी वेगळी चढवावी लागते, आणि चढवणार तोच बाबू.

ती प्रिंट दोन दिवस घरी द्या. जेवणाच्या टेबलावर पोरगं, बाप आणि मी बसून वाचू, चुका लाल पेननं काढू, सही करून परत देऊ. बोर्डाचा कोणता नियम मोडतो यानं? हे विचारलं तर प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "सब पैरेंट्स ऐसा करने लगे तो कैसे चलेगा?" चालेल की! तुमचाच बाबू कमी चुका करेल.

काल धाकटीच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आलाय. नववीची नोंदणी, फी ३०० रुपये, पालकांनी उद्या अकराच्या आत येऊन सही करायची. प्रिंटबद्दल त्यात एक अक्षर नाही. मी दहालाच जाऊन बसणार आहे, चष्मा आणि लाल पेन घेऊन.