टायरवर २०० छापलं म्हणजे तो रोडचा टायर झाला का?

आत्ताच इव्हेंटवरून घरी आलोय, गाडीचं बॉनेट अजून गरम आहे, जेवण पुढ्यात आहे पण घास जात नाहीये, आणि डोकं जे दुपारी फिरलंय ते अजून जागेवर यायला तयार नाही म्हणून इथं लिहितोय. ज्यांना ऑटोक्रॉस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथं अमेरिकेत मोठ्या पार्किंग लॉटमध्ये नाहीतर जुन्या धावपट्टीवर नारंगी कोन मांडतात, एकेक गाडी सोडतात, मिनिटभराचा रन असतो, वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात आणि एक कोन पाडला की २ सेकंद दंड. रोजची गाडी घेऊन जायचं, हेल्मेट घालून पळवायची आणि संध्याकाळी त्याच गाडीनं घरी यायचं. सगळ्यात स्वस्त मोटरस्पोर्ट हेच, असं मला सांगितलेलं आणि त्या एका वाक्यावर मी ९ वर्षांपूर्वी यात पडलो.

आज क्लासमध्ये, म्हणजे सारख्या गाड्यांच्या गटात, दुसरा आलो. ०.४ सेकंदानं. हरल्याचा राग नाहीये हो, हरायची सवय आहे मला, ९ वर्षांत कितीतरी वेळा हरलोय आणि समोरच्यानं चांगली चालवली की जाऊन हात मिळवलाय. राग कशाचा आहे तर समोरच्यानं या सीझनमधला टायरचा चौथा सेट आज काढला. चौथा! रबरावरचे ते बारीक केस सुद्धा अजून झडले नव्हते. तो गाडी ट्रेलरवर घालून आणतो, टायर सावलीत ठेवतो, दोन रनच्या मधे को-ड्रायव्हर, म्हणजे तीच गाडी पाळीपाळीनं चालवणारा दुसरा, शेतात औषध मारायचा पंप असतो तसला पंप घेऊन टायरवर पाणी मारत बसतो, आणि हे सगळं नियमात बसतं कारण साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, २०० हा आकडा आहे. माझ्या टायरवर पण २०० च आहे. दोन वर्षं झाली त्या सेटला, मी त्याच्यावर ऑफिसला जातो, पोरीला शाळेत सोडतो, कॉस्टकोतून तांदळाची पोती आणतो आणि मग रविवारी त्याच्यावरच रन मारतो. नियमाच्या नजरेत आम्ही दोघं सारखे.

आता हे २०० काय प्रकरण आहे ते नीट ऐका, कारण सगळी मेख तिथं आहे.

इथं गाडीच्या जवळजवळ प्रत्येक टायरवर तीन गोष्टी छापलेल्या असतात, ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेंपरेचर. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती झिजतो त्याचा आकडा. १०० हा पाया धरलाय, २०० वाला त्याच्या दुप्पट टिकेल असा हिशोब. हे सरकारनं काढलं ते साध्या गिऱ्हाईकासाठी, दुकानात दोन टायर समोर असले तर कुठला जास्त दिवस जाईल हे कळावं म्हणून. रेसिंगचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. टेस्ट कुठं होते माहितीये? आमच्याच टेक्ससमध्ये सॅन अँजेलोला, डॅलसहून चारेक तासांवर. साध्या रस्त्यांवर ४०० मैलांचा एक फेरा आखलाय, तिथं गाड्यांचा ताफा करून ७,२०० मैल चालवतात, सोबत एक ठरलेला टायर चालवतात आणि त्याच्याशी झीज ताडून बघतात. रहदारीच्या रस्त्यावर, शिस्तीत. तिथं कोणी ९० अंशाच्या वळणावर गाडी तिरकी घालत नाही, कोणी टायर उकळेपर्यंत पळवत नाही. आणि एवढं करून शेवटी टायरवर छापायचा आकडा ठरवतं कोण, तर स्वतः कंपनी. सरकारचा माणूस प्रत्येक मॉडेल आधी तपासून शिक्का मारत नाही. आणि ग्रिप? या आकड्यात ग्रिप मोजलेलीच नाहीये, फक्त झीज. ट्रॅक्शनचं अक्षर वेगळं असतं, ते पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक करून सरळ रेषेत ब्रेक मारून काढतात. कोरड्या डांबरावर वळणात टायर किती धरतो हे त्या साइडवॉलवर कुठंच लिहिलेलं नसतं, आणि आमचा अख्खा क्लास उभा आहे तो त्या साइडवॉलवरच्या आकड्यावर.

माझ्या आजोळी, साताऱ्याकडं, बैलगाड्यांच्या शर्यती बघत मोठा झालोय मी. तिथं पण क्लास असतात. आदत, दुसा, चौसा, मग ओपन. आदत म्हणजे पक्के दात न आलेलं खोंड, दुसा म्हणजे दोन दातांचा. आता मालक सांगेल ओ आमचं आदतच आहे, कोणाला पटतं का ते? जाणता माणूस पुढं होतो, खोंडाचं तोंड उघडतो, बोट घालून दात बघतो. दिसले दोन दात की चल दुसऱ्यात, पुढचं बोलणंच नाही. मालकाच्या शब्दावर तिथं गट ठरत नाही. आणि इथं, जगातल्या सगळ्यात पुढारलेल्या देशात, सेकंदाचे हजार तुकडे करणारे टायमर लावून आम्ही मालकानं सांगितलेलं वय लिहून घेतो आणि खोंड सोडून देतो. अरे तोंड उघडून बघा ना एकदा!

हा नियम आणला तेव्हा हेतू चांगला होता हे मी मान्य करतो. पूर्वी एससीसीएच्या, म्हणजे इथं ऑटोक्रॉसचे नियम करणाऱ्या संघटनेच्या, स्टॉक क्लासमध्ये लोक हूझियरसारखे रेसिंगचेच टायर लावायचे, नावाला रस्त्यावर चालणारे, ते थोड्याच इव्हेंटमध्ये मरायचे, आणि ज्याच्याकडं ते नाहीत त्यानं यायचंच नाही अशी गत होती. म्हणून २०१४ ला स्टॉकचं स्ट्रीट केलं, टायरला ट्रेडवेअरची खालची मर्यादा घातली, पुढं ती २०० वर आली. आणि सुरुवातीचा थोडा काळ खरंच बरा गेला असं जुने लोक सांगतात. मग टायर कंपन्यांना कळलं की इथं गिऱ्हाईक आहे. २०१५ ला ब्रिजस्टोनचा आरई-७१आर आला आणि सगळं चित्र पालटलं, मग योकोहामाचा ए०५२, मग फाल्कन, नानकांग, एकामागून एक रांगच लागली. सगळ्यांवर २००. लोकांनीच त्यांना सुपर २०० नाव दिलंय, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे की हा वेगळा प्राणी आहे, बोलण्यात वेगळं नाव आहे, फक्त नियमात नाही. टोयोचा आर८८८आर बघा, त्याच्यावर प्रामाणिकपणे १०० लिहिलंय म्हणून तो बाहेर, आणि त्याच्यापेक्षा एका रनला जास्त चिकटणारे टायर २०० लिहून आत. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस, जो खरोखर रस्त्यावरचा चांगला टायर आहे, पावसात चालतो, हायवेला चालतो, त्याच्यावर ३०० आहे, तो लावून कोणी जिंकायचं स्वप्न बघू नये. कंपन्यांना मी दोष देत नाही, त्यांचा धंदा आहे, मागणी आहे तसा माल देणार. दोष आहे तो आकड्याला देव मानून बसलेल्या नियमाचा.

आणि फरक किती पडतो हे मला कोणी सांगायला नको, मी स्वतः करून बघितलंय. गेल्या वर्षी दिवस संपल्यावर फन रन होते, एका मित्रानं त्याची सुपर २०० चढवलेली चाकं दिली, माझ्यासारखीच मियाटा, माझदाची छोटी दोन सीटची गाडी, आहे त्याची. तीच गाडी, तोच कोर्स, तोच मी, दिवसभर रन मारून हात-पाय दमलेले, आणि पहिल्याच रनला १.८ सेकंद कमी. १.८! ज्या क्लासमध्ये पहिला आणि पाचवा यांच्यात एक सेकंद नसतो तिथं. मी तीन वर्षं घालवली हो शॉक बदलून, अलाइनमेंट करून, पुढचा बार बदलून, एक शाळा केली ड्रायव्हिंगची, रात्री व्हिडिओ बघून कुठल्या कोनला ब्रेक उशिरा मारला ते वहीत लिहून काढलं, या सगळ्यातून मिळून जेमतेम सेकंद कमावला असेल. आणि दुसऱ्याची चाकं लावली की २० मिनिटांत त्याच्या जवळपास दुप्पट. त्या दिवशी घरी येताना रडू आलं होतं मला, खरं सांगतोय.

बरं घे ना मग तू पण, असं सगळे म्हणतात. घेतले होते. ८६० डॉलर गेले चार टायरचे, बसवणं धरून. पहिले ३० रन अप्रतिम, गाडी रुळावर चालल्यासारखी. ५० च्या पुढं हळूहळू कडक होत गेले, कारण हे रबर तापून थंड झालं की दरवेळी थोडं मरतं, खाच दिसायला भरपूर शिल्लक असते पण जीव गेलेला असतो. म्हणजे डोळ्यांना नवा टायर, घड्याळाला जुना. मग जिंकायचं असेल तर तो अर्धा शिल्लक टायर काढायचा आणि नवा घालायचा. वर्षाला तीन सेट म्हटलं तरी अडीच हजार डॉलर झाले, माझी २००३ ची मियाटा मी साडेचार हजाराला घेतली आहे. गाडीच्या निम्म्याहून जास्त पैसे दरवर्षी रबरात घालायचे आणि याला स्ट्रीट क्लास म्हणायचं.

वर पॅक्सचं वेगळंच. वेगवेगळ्या क्लासच्या गाड्यांची तुलना करायला प्रत्येक क्लासला एक गुणक असतो, वेळेला त्यानं गुणायचं आणि मग सगळे एका यादीत. कल्पना चांगली आहे, वर्षानुवर्षं कष्ट घेऊन आकडे काढलेत, त्याबद्दल आदर आहे. पण ते निघतात मोठ्या राष्ट्रीय इव्हेंटच्या निकालावरून, आणि तिथं लिंकन नेब्रास्काच्या काँक्रिटवर येणारा प्रत्येक जिंकायला आलेला माणूस सगळ्यात भारी टायरवरच असतो. म्हणजे गुणकात तो टायर आधीच गृहीत धरलेला आहे. मी साध्या टायरवर आलो की क्लासमध्ये पण मार आणि पॅक्समध्ये पण मार.

पण हे सगळं माझं मी गिळलं असतं. आज ज्याच्यामुळं डोकं फिरलं ते सांगतो. एक मुलगा होता, नाशिकचा, इथं मास्टर्स करतोय, जुनी सिव्हिक घेतलीये, मीच त्याला मार्चमध्ये घेऊन आलो होतो. म्हणालो ये रे, लायसन्स आणि चांगले ब्रेक असले की बास. काय हात आहे पोराचा! पहिल्या दिवशी कोर्स पायी तीनदा चालून आला, प्रत्येक कोन पाठ, गाडीला कुठं धक्का नाही, सगळं लोण्यासारखं. ऑल-सीझन टायर, ते पण गाडीबरोबर आलेले. नवख्यांच्या गटात होता तोवर खुश होता, दोनदा पहिला आला. मग त्या गटातून बाहेर काढला आणि सरळ त्या चार-चार सेटवाल्यांमध्ये टाकला. जूनमध्ये ३.६ सेकंदानं हरला, जुलैमध्ये ३.९ नं. मला विचारतो, दादा माझं कुठं चुकतंय? मी त्याच्या शेजारी बसून रन केला होता, काहीही चुकत नव्हतं त्याचं! टायर म्हणालो. किंमत विचारली, सांगितली, गप्प बसला. त्याच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी होते ती. आज आला नाही. मेसेज केला तर म्हणाला दादा अभ्यास आहे. अभ्यास नाहीये रे, मला कळतं ना.

आणि हे मी आमच्या क्लबच्या एका जबाबदार माणसाला, नाव घेत नाही, ग्रिडवरच जाऊन बोललो. शांतपणे बोललो. म्हणालो बाबा रे नवीन माणसं टिकत नाहीत, तुम्हीच म्हणता रजिस्ट्रेशन कमी झालंय, कोन उचलायला माणसं मिळत नाहीत. तर म्हणाला साइडवॉलवर २०० आहे, मी काय करू. मी म्हणालो निदान लोकल ट्रॉफीसाठी ३०० ट्रेडवेअरचा एक गट काढा. तर म्हणे मग त्याच्यात पण कंपन्या ३०० छापून चिकट टायर आणतील. अहो मग सेट मोजा! सीझनला एक सेट, फार तर दीड, पहिल्या इव्हेंटला साइडवॉलवर रंगाची खूण करा, खूण नसलेला टायर त्या गटात चालणार नाही. खर्च काय, एक रंगाचा पेन. स्पेक मियाटा नावाच्या शर्यतीत सगळे एकच ठरलेला टायर वापरतात, फॉर्म्युला वनला पैशाची काय कमी आहे, तिथं पण २००७ पासून सगळ्यांना एकाच कंपनीचे टायर आहेत आणि मोजून सेट मिळतात. आणि आम्ही पार्किंग लॉटमधली हौशी माणसं, आमच्याकडं कसलीही मर्यादा नाही, ज्याचं क्रेडिट कार्ड मोठं त्यानं जितके हवे तितके घालावेत. तर म्हणाला कोणी तपासायचं. मी करतो म्हणालो, सकाळी टेक इन्स्पेक्शनला, गाड्या तपासतात तिथं, मी तसा पण उभाच असतो, चार टायर बघायला किती वेळ लागतो? बघू म्हणाला. मागच्या वर्षी पण बघूच म्हणाला होता.

जो आज जिंकला तो माणूस वाईट नाही, उलट माझी बॅटरी बसली तेव्हा त्यानंच जंप दिला होता. तो स्वतः मला म्हणाला की मलाही हे परवडत नाही, पण मी नाही घातले तर दुसरा घालेल आणि मग मी हरेन. त्याची बायको चिडते म्हणे. म्हणजे जिंकणारा पण वैतागलेला, हरणारा पण वैतागलेला, आणि नवीन पोरगं घरी बसलेलं.

एससीसीएमध्ये कोणत्याही मेंबरला नियम समितीला पत्र लिहिता येतं. आज रात्री लिहिणार आहे. सेट मोजायची मागणी, रंगाच्या खुणेची पद्धत, माझ्या त्या दिवसाच्या दोन्ही टायरवरच्या वेळा, सगळं घालणार आहे. त्या नाशिकच्या पोराच्या जून-जुलैच्या वेळा पण घालणार, त्याला विचारून. पुढचा इव्हेंट तीन आठवड्यांनी आहे. मी याच जुन्या टायरवर जाणार, आणि त्याला सांगितलंय की तुझी फी मी भरतो, तू ये, आपण दोघं माझ्या गाडीत एकाच टायरवर चालवू. अजून दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही आलेलं.