पावडरच आहे, जाऊ द्या

गाडी गेटवर लागलीये, ट्रान्सपोर्टवाल्याचा तिसरा फोन येऊन गेलाय आणि क्वालिटीतला तो नवीन पोरगा म्हणतोय सर याचं क्लासिफिकेशन एकदा बघायला पाहिजे. सगळ्यात आधी त्याला चहाला पाठवा. मग इन्व्हॉइसवर स्वच्छ अक्षरात लिहा, "केमिकल पावडर". यात खोटं काय आहे सांगा, केमिकल आहे, पावडर आहे, दिसायला पिठीसाखर. एआयबीएन (प्लास्टिक बनवताना वापरतात ते केमिकल) असं खरं नाव लिहिलंत की झालं, मग धोकादायक मालाला देतात तो यूएन नंबर 3234 आला, सेल्फ-रिअ‍ॅक्टिव्ह सॉलिड (आपलाआपण तुटून तापणारा माल) टाइप सी, टेंपरेचर कंट्रोल्ड, मग थंड गाडी, मग थंड गाडीचं भाडं, मग मालकाचं गरम डोकं.

ते ए बी सी डी पण मनावर घेऊ नका. सेल्फ-रिअ‍ॅक्टिव्हमध्ये ए पासून जी पर्यंत टाइप आहेत आणि आपण शाळेपासून ए तुकडी हुशार पोरांची असंच समजत आलोय, त्यामुळे ए आला तर पेढे वाटा. फक्त पेढे खाताना कुणी सांगू नये की टाइप ए म्हणजे त्या पॅकिंगमध्ये माल स्फोटासारखा उडू शकतो म्हणून रस्त्यावर आणायलाच बंदी, आणि जी म्हणजे ज्याला या यादीतून सोडून दिलंय तो गरीब बिचारा.

"त्या पॅकिंगमध्ये" हे शब्द मात्र पटकन वाचून पुढे जायचे, कारण खरी बचत तिथेच आहे. टाइप बी असेल तर एका पॅकमध्ये जास्तीत जास्त 25 किलो, सी असेल तर 50. आता एवढ्या बारक्या पिशव्या कोण मोजत बसणार, त्यापेक्षा सगळा माल एका मोठ्या ड्रममध्ये ओता, लेबर वाचलं, जागा वाचली. गावाकडं उकिरडा बघितलाय ना, पाटीभर शेण वेगळं ठेवलं तर गार पडतं आणि गाडीभर ढीग घातला की पहाटे त्यातून वाफा निघतात, हात घातला तर भाजतो? ड्रममध्ये तेच होतं, आतली उष्णता बाहेर पडायला वाट कमी आणि आत तयार होणारी जास्त. ज्या तापमानाला माल आपलाआपण तुटायला लागतो आणि मग थांबत नाही त्याला एसएडीटी म्हणतात, आणि तो आकडा पॅकिंग मोठं केलं की खाली सरकतो. म्हणजे टेस्ट रिपोर्ट 50 किलोच्या पॅकचा आणि माल 200 च्या ड्रममध्ये. रिपोर्ट फाइलला लावा, ऑडिटला कामाला येतो, ड्रमला वाचता येत नाही.

एआयबीएनला 40 अंश ही वरची मर्यादा दिलीये आणि 45 ला इमर्जन्सी. आता पेट्रोलियमची लायसन्स देणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे, तिथं मे महिन्यात पारा 45 ला जाऊन टेकतो आणि ते पण सावलीतला. म्हणजे नागपूरकर माणूस ज्या हवेत रसवंतीवर उभा राहून ऊस पितो त्या हवेत या पावडरची इमर्जन्सी सुरू झालेली असते. ताडपत्रीखाली किती होत असेल ते विचारू नका, ताडपत्री पावसासाठी असते.

आणि कंटेनर यार्डात चार दिवस उन्हात उभा राहिला तर राहू द्या. चीनमध्ये तियानजिन बंदरात 12 ऑगस्ट 2015 ला असाच एक कंटेनर होता, आत नायट्रोसेल्युलोज, जो ओला ठेवला तरच शांत राहतो. उन्हाळ्यात ओल उडून गेली, माल आतल्याआत तापला, पेटला, आग शेजारच्या अमोनियम नायट्रेटला लागली. 165 माणसं गेली आणि 8 सापडलीच नाहीत, गेलेल्यांत बरेचसे आग विझवायला आलेले होते.

असो. लिक्विडचं बोलू, तिथं तर पुस्तकंच दोन आहेत, सोयीचं उघडायचं. आपल्या पेट्रोलियमच्या नियमात फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून लिक्विडची वाफ ठिणगीने पेटू शकते, तो 23 च्या खाली असेल तर क्लास ए, 23 ते 65 बी. यूएनवाल्यांची रेघ 60 ला. म्हणजे 62 वाला सॉल्व्हंट इथे क्लास बी आणि तिकडे ज्वलनशीलच नाही, एकच ड्रम, दोन जाती. टोल्युइन या सॉल्व्हंटचा फ्लॅश पॉइंट तर 4 अंश, तेवढी थंडी महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठतं तेव्हा पडते, म्हणजे बाकी महाराष्ट्रात टोल्युइन जवळपास बाराही महिने तयारीत बसलेलं असतं. ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून त्याला अर्थिंग पाहिजे म्हणतात, लावा की. आमच्याकडे लावलेली मी स्वतः बघितलीये, क्लिप ड्रमच्या ऑइलपेंटवर चिकटवलेली, पेंट अगदी तुकतुकीत, एक ओरखडा नाही. पेंटातून करंट जात नाही हे वायरमनला पण माहितीये आणि मॅनेजरला पण, पण फोटोत क्लिप दिसते ना.

झाकणं घट्ट आवळा हे सांगायला नकोच. हवा बंद केली की आग विझते हे चौथीतल्या विज्ञानात आहे, सेल्फ-रिअ‍ॅक्टिव्ह मालाने चौथी केलेली नाही हा त्याचा प्रश्न. त्याला हवा लागतच नाही, तो तुटताना गॅस सोडतो, एआयबीएन नायट्रोजन सोडतो, आणि झाकण जेवढं घट्ट तेवढं ते लांब जातं.

राहिला गाडीवरचा तो पत्रा, नाव, यूएन नंबर, इमर्जन्सीचा फोन. मागच्या ट्रिपचा आहे तोच राहू द्या, परत रंगवायला पेंटर कुठे शोधणार. त्यावरचा मोबाइल नंबर आमच्या जुन्या सेफ्टीवाल्या काकांचा आहे, ते रिटायर होऊन तीन वर्षं झाली पण माणूस सज्जन, रात्री दोनला पण फोन उचलतात. मागच्या उन्हाळ्यात घाटात गाडी उभी करून ड्रायव्हरने त्यांनाच फोन लावला, काका ड्रम फुगलाय, हात लावला तर गरम लागतोय. काका झोपेतून उठून बसले, म्हणाले घाबरू नको बाळा, आधी गाडीपासून लांब हो आणि आत काय आहे ते वाचून सांग.

ड्रायव्हरने टॉर्च मारून कागद वाचला. केमिकल पावडर.