«आईची सही घेऊन ये» म्हटलं की मुलगी परत येत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आमच्या केमिस्टांच्या ग्रुपवर, मुलीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, आणि चौथ्यांदा एका गिऱ्हाइकाने दुकानात उभं राहून मोबाइलवर दाखवला. मजकूर थोडक्यात असा: कर्नाटकात 18 वर्षांखालच्या मुलांना निरोध आणि गोळ्या विकायला बंदी झाली, महाराष्ट्र कधी जागा होणार? आय-पिल ही गर्भपाताची गोळी आहे, ती खाल्ली की पुढे मूल होत नाही. शाळेच्या सहलीला आईवडिलांची सही लागते, मग याला का नको? आईवडिलांच्या हातात निर्णय असला की मुलगी सुरक्षित राहते. 18च्या आत संबंध हा गुन्हा, तर गोळी विकणारा त्या गुन्ह्यात सामील. आपल्या संस्कृतीत हे नव्हतंच. म्हणून प्रत्येक मेडिकलने रजिस्टर ठेवावं आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय अल्पवयीन मुलांना काहीही देऊ नये.

मी तालुक्याच्या गावात 19 वर्षं मेडिकल चालवते. माझी स्वतःची मुलगी 16 वर्षांची आहे. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांच्या पोटात जी भीती आहे ती माझ्याही पोटात आहे. पण जो नियम माझ्या काउंटरवर लावा म्हणतात, त्याचं उत्तर काउंटरच्या आत उभं राहणाऱ्या बाईने द्यायला हवं.

कर्नाटकाचं आधी संपवते. 2022च्या शेवटी बेंगळुरूच्या काही शाळांनी मोबाइल शोधायला म्हणून मुलांची दप्तरं तपासली, त्यात निरोध आणि गोळ्या सापडल्या. जानेवारी 2023 मध्ये बंदीची बातमी पसरली. तिथल्या औषध नियंत्रण खात्याने लगेच खुलासा केला की अशी कोणतीही बंदी नाही, अल्पवयीन मुलं आली तर औषध विक्रेत्यांनी त्यांना समजावून सांगावं, एवढंच म्हटलं आहे. खुलासा फॉरवर्ड झाला नाही, बंदी मात्र अजून फिरते आहे.

आता गोळी. आय-पिल ही संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी. तिच्यात किंवा तसल्या दुसऱ्या कंपन्यांच्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं औषध असतं, 1.5 मिलिग्रॅम. ते बीजांड बाहेर पडणं लांबवतं. गर्भ राहिलाच असेल तर ही गोळी त्याला काही करत नाही, म्हणून तिने गर्भपात होत नाही. गर्भपाताचं किट वेगळं: मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे आणि मी विकत नाही, मागायला येणारे येतात तरीही. लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी मात्र 2005 पासून आपल्याकडे चिठ्ठीविना मिळते. तिने वांझपण येत नाही. मळमळ होते, पाळी पुढे-मागे होते. दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर परिणाम कमी होतो. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करावी. महिन्यातून चार वेळा घ्यायची ही वस्तू नव्हे आणि गुप्तरोगापासून ती वाचवत नाही. हे सगळं मी प्रत्येकीला सांगते. मुलगी काउंटरपर्यंत आली तरच सांगता येतं.

आणि ही गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची असते, त्यातही जितक्या लवकर तितका उपयोग जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सहलीच्या सहीची तुलना इथेच कोसळते. सहलीच्या कागदावर सही झाली नाही तर मुलगी घरी राहते, विषय मिटला. इथे मुलगी माझ्यासमोर येते तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सही नाकारल्याने कालची रात्र मागे जात नाही. पुढचे फक्त तास जातात.

हा नियम मी स्वतः एकदा लावून पाहिला आहे. दुकान टाकून तीन-चार वर्षं झाली होती. बाजारचा दिवस. एक मुलगी बाहेरच्या वजनकाट्यापाशी बराच वेळ उभी होती, गणवेशाची ओढणी दोन्ही खांद्यांना पिना लावून बसवलेली. दोन गिऱ्हाइकं गेली तशी ती वर आली आणि पॅड मागितले. मी पेपरात गुंडाळून दिले, तिने पैसे दिले. मग मूठ पुढे केली. आत वहीचा फाडलेला चतकोर कागद, त्यावर पेन्सिलीने «आय पिल». मी तिच्या आत्याला ओळखत होते. अगदी मायेनं म्हटलं, «आईला घेऊन ये बाळा, मग देते.» तिने कागदाची पुन्हा बारीक घडी घातली, सुटे पैसे उचलले आणि पायऱ्या उतरून गेली. पैसे दिलेलं पॅडचं पुडकं काउंटरवरच राहिलं. मी ते पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. ती माझ्या दुकानात परत कधीच आली नाही. रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूने जायची. पुढे तिचं काय झालं हे मला आजही माहीत नाही, आणि विचारायचा हक्क मी त्या दिवशी गमावला.

माझा अनुभव एका मुलीचा झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, तिथल्या कुटुंबनियोजन दवाखान्यांत येणाऱ्या 18 वर्षांखालच्या मुलींना हाच प्रश्न विचारला गेला होता: इथे गर्भनिरोधक घेतल्याचं आईवडिलांना कळवणार असं ठरलं तर काय कराल? 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले. 59 टक्के मुली म्हणाल्या, इथली सेवा पूर्ण किंवा काही प्रमाणात सोडू, नाहीतर तपासण्या लांबवू. आणि अशा मुलींपैकी जवळपास सगळ्याच, 99 टक्के, म्हणाल्या की संबंध थांबणार नाहीत. म्हणजे नियमाने बंद काय पडलं? दवाखान्यात येणं.

इंग्लंडमध्ये तर हा प्रश्न थेट सर्वोच्च पातळीवर लढला गेला. व्हिक्टोरिया गिलिक नावाच्या, दहा मुलांच्या आईने मागणी केली की 16 वर्षांखालच्या माझ्या मुलींना माझ्या परवानगीशिवाय डॉक्टरांनी गर्भनिरोधक देऊ नये. 1984च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. 1985च्या ऑक्टोबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो 3 विरुद्ध 2 मतांनी फिरवला. पण लॉर्ड फ्रेझर यांनी घातलेली अट आपल्याकडे कुणी सांगत नाही: डॉक्टरने आधी मुलीला समजतंय का हे पाहायचं, आणि आईवडिलांना सांगण्यासाठी तिचं मन वळवायचा प्रयत्न करायचा. नाहीच वळलं, आणि मदत न दिल्याने तिचंच नुकसान होणार असेल, तर द्यायचं. आईवडिलांना यात वगळलेलं नाही. दार तेवढं अडवलेलं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1998 साली 18 वर्षांखालच्या दर हजार मुलींमागे सुमारे 47 गर्भधारणा होत होत्या, 2021 मध्ये सुमारे 13. याचं सगळं श्रेय गोळ्यांना देणार नाही. शाळेतलं शिक्षण होतं, इतरही कारणं होती. पण «सहज मिळालं की पोरं बिघडतात आणि पोरी फसतात» हे म्हणणाऱ्यांनी हा उतरता आकडा कुठे बसवायचा ते सांगावं.

«आईवडिलांच्या हातात निर्णय असला की मुलगी सुरक्षित राहते.» या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण आपल्या राज्याचे आकडे याच्या अगदी उलट बोलतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या 7.6 टक्के मुली एकतर आई झाल्या होत्या किंवा पोटुशी होत्या. यातल्या बहुतेकींना कुणी कॉलेजच्या वाटेवर फसवलेलं नाही. त्यांची लग्नं झाली आहेत. आईवडिलांच्या संमतीने, मांडव घालून, पत्रिका वाटून. त्याच पाहणीत 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 18च्या आत लग्न झालेल्या राज्यात 21.9 टक्के निघाल्या. परभणीत 48 टक्के, बीडमध्ये जवळपास 44. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की नवरा-बायकोचा एक «कोयता» धरला जातो, आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, त्याच्यावर मिळते, आणि पोरीला मागे एकटी ठेवायची भीती असते म्हणून तिचं उरकून टाकतात. मी त्या आईबापांना राक्षस म्हणत नाही. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता कुणी ठेवलेला नाही. पण या मुलींना वेळेआधी आई करणारी गोष्ट पालकांची संमतीच आहे, हे डोळ्याआड कसं करायचं?

अशी 16 वर्षांची, गळ्यात मंगळसूत्र असलेली मुलगी माझ्याकडे येऊन «काकू, यंदा नको आहे» म्हणाली, तर नव्या नियमाप्रमाणे मी सही कुणाची मागू? 1956च्या हिंदू पालकत्व कायद्याच्या कलम 6 प्रमाणे लग्न झालेल्या अल्पवयीन मुलीचा नैसर्गिक पालक म्हणजे तिचा नवरा. आणि 2017च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की 18 वर्षांखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कार. कायद्याने ज्याला आरोपी ठरवलं, त्याचीच सही मी मागायची.

ज्या घरात धोका घराच्या आतच आहे तिथलं तर बोलायलाच नको. बलात्काराच्या गुन्ह्यांत बहुसंख्य आरोपी ओळखीतले असतात, हे गुन्हे नोंदणीचे आकडे दरवर्षी सांगतात. बाप, काका, मामा, शेजारी. अशा मुलीने सही कुणाकडून आणायची?

पोक्सोचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याचा मुद्दा गंभीर आहे, तो मी झटकणार नाही. 2012च्या या कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलामुलींशी संबंध हा गुन्हा ठरतो, दोघांची मर्जी असली तरी. कलम 19 प्रमाणे गुन्हा झाल्याचं ज्याला कळतं त्याने पोलिसांना कळवायचं असतं, न कळवल्यास कलम 21 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. म्हणूनच अनेक डॉक्टर अशा मुलींना हात लावायला घाबरतात, आणि मुली डॉक्टरांना. पण अल्पवयीन व्यक्तीला निरोध किंवा तातडीची गोळी विकू नये असं या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट 29 सप्टेंबर 2022च्या निकालात सर्वोच्च न्यायालयात न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ही कोंडी ओळखली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. नाव उघड होण्याच्या धास्तीने मुली भोंदूंकडे जातात, ही न्यायालयाची काळजी होती. मुलीला कुणी जबरदस्ती केली आहे असं वाटलं तर मी तिला तशी सोडत नाही, 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर देते आणि पुढचं पाऊल उचलते. पण ते कळायलाही ती माझ्यासमोर दोन मिनिटं उभी राहायला हवी.

शिवाय अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताला पालकांची लेखी संमती कायद्याने आजही लागतेच, 1971 पासून. म्हणजे मेसेजमधली मागणी मान्य झाली तर मुलीला पालकांना सांगावं लागणारच, फक्त ते 72 तासांत व्हायच्या ऐवजी ओढणीखाली पोट लपेनासं झाल्यावर होईल.

«आपल्या संस्कृतीत नव्हतं» म्हणणाऱ्यांना पुण्यात घेऊन जावंसं वाटतं. 1863 साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गरोदर राहिलेल्या विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, अशी जाहीर सूचना लावली. बापाची, सासऱ्याची चिठ्ठी घेऊन या असं त्यांनी म्हटलं असतं तर एकही बाई आली नसती, आणि विहिरी भरल्या असत्या. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, खटले झाले. 1934च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. 1938 साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तोही आंबेडकरांचा, त्यांच्या अनुपस्थितीत त्यांचे सहकारी आमदार रोहम यांनी मांडलेला. एवढं सगळं महाराष्ट्रातच घडलं आहे, मराठीतच.

राहिलं रजिस्टर. एच-वन, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांचं रजिस्टर आम्ही ठेवतोच, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, तीन वर्षं जपून. त्यात काही अँटिबायोटिक्स असतात, टीबीची औषधं असतात, झोपेच्या गोळ्या असतात. आता त्याच कपाटात गावातल्या अल्पवयीन मुलींच्या नावांची वही ठेवायची. माझ्याकडचा पोरगा ती बघणार, तपासणीला आलेले बघणार, मी जेवायला घरी गेले की काउंटरवर बसणारा दीर बघणार. आमच्या गावात कुणाची मोटारसायकल कुणाच्या दारात किती वेळ उभी होती याचीही चर्चा होते.

मी आता काय करते ते सांगते. गर्दी असेल तर मुलीला आत, रॅकच्या बाजूला घेते. कधी झालं, शेवटची पाळी कधी आली, कुणी बळजबरी केली का, हे विचारते. गोळी खाकी पाकिटात देते आणि पाकिटाच्या मागे ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकचा वार लिहिते. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारनेच ते चालवलं आहे, आणि आमच्या पालक-ग्रुपवर ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी विचारते, «आईला सांगता येईल का तुला?» बऱ्याचजणी मान हलवून नाही म्हणतात. मी म्हणते, बघ जमलं तर.

मागच्या पावसाळ्यात एकीने दुसऱ्या दिवशी आईला आणलं. आईने छत्री मिटून पायरीवर झटकली, पॅरासिटामॉलची स्ट्रिप घेतली, पैसे दिले, तरी जाईना. मग म्हणाली, «हिने काल काय नेलं तुमच्याकडून?» मी मुलीकडे पाहिलं. तिनेच सांगितलं. आईचा हात कोपरापासून थरथरत होता, पण तो मुलीच्या पाठीवरून हलला नाही. मैत्री क्लिनिक कोणत्या दारातून जायचं, ते मग दोघींनी मला विचारून घेतलं.