टाकी अजून दिसते, हे खरं आहे

नमस्कार,

दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत की चार महिने झाले तरी पाण्याची काळी टाकी फाटकातून तशीच दिसते, झाडं आणि टाकी यांच्यामध्ये अडीच फूट जागा उगाच वाया घालवली, दोन रोपं मेली, आणि एकूण ‘बाग मागितली होती, काड्या मिळाल्या’. काड्या वाचून आधी हसू आलं. मग तुम्ही टाकलेले फोटो मोठे करून पाहिले आणि हसू गेलं.

आधी आमची चूक. तुम्हाला दाखवलेल्या चित्रात कुंतीच्या झुडपांचं कुंपण खांद्याइतकं आणि गच्च होतं. ते साधारण दोन-तीन वर्षांनंतरचं रूप आहे, हे त्यावर लिहिलं नव्हतं आणि आमच्यापैकी कुणी बोललंही नाही. कुंती सावकाश वाढते, पण बुंध्यापासून भरते, म्हणून ती निवडली. ती वाढेपर्यंत पुढे आडोसा हवा होता, तो आम्ही दिला नाही. आता लाकडी पट्ट्यांची जाळी उभी करून तिच्यावर मधुमालती चढवू. ती भराभर वाढते. खर्च आमचा.

मेलेली दोन रोपं तुम्ही पाणी कमी घातल्यामुळे गेली, असं आमच्या माणसाने तुम्हाला सांगितलं. ते चुकीचं होतं, माफ करा. फोटोत टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप नेमका त्या दोन खड्ड्यांवर दिसतोय. टाकी भरून वाहिली की तिथे पाणी साचतं, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि पिवळी पानं पाहून माणूस आणखी पाणी घालतो. लावतानाच हे दिसायला हवं होतं.

अडीच फुटांबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तळाचा व्हॉल्व्ह बदलायला माणूस पाना घेऊन तिथे बसला पाहिजे. टाकी धुवायची तर शिडी लागते. वेल थेट टाकीवर सोडायला आमच्या माणसाने नकार दिला तो याचसाठी: वेल झाकणापर्यंत जातो, फट करतो, मग आत पालापाचोळा, मुंग्या, डास. शेजाऱ्यांनी सुचवलेला पसरणारा बांबूही नको, त्याचे कोंब जमिनीखालून पाइपापर्यंत आणि टाकीच्या ओट्याखाली जातात. दोन हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन दोन टन होतं. तो ओटा हलता कामा नये. आणि तुम्ही विचारलंत तसा रंग दिला असता, तर त्या प्लास्टिकवर तो धड धरत नाही, पापुद्रे निघतात. काळा रंग उजेड अडवतो, म्हणून आत शेवाळं होत नाही. तो असू द्या.

या आठवड्यात मी स्वतः येतो, जाळीचं माप घेतो आणि पाइप वळवून देतो. तोपर्यंत त्या दोन खड्ड्यांत काही लावू नका.