मामाची फाइल

रविवारी तालमीच्या कट्ट्यावर माझ्यावरून वाद झाला. मी तिथं नव्हतो. नंतर एकानं फोन करून सांगितलं, "तुझ्या शॉपमधल्या त्या म्हाताऱ्यावरून विषय निघालाय. खुनी हाय म्हणं. तू सगळ्यांपासून लपवून ठेवलास." लपवलं काहीच नव्हतं. कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, एवढंच. आता विचारलंय तर सगळं लिहितो. पोस्ट लांब होणार. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी सरळ शेवटचा परिच्छेद वाचावा, काम तिथं आहे.

उद्यमनगरात माझं छोटं पॅटर्न शॉप आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. फौंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्याच्यावरून पाडतात तो नमुना, करून देणं हा वडिलांपासूनचा धंदा. हल्ली सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मशिनवर, सगळं निघतं, पण एखादा जुना पंप, एखादं ऊस चरकाचं सुटं कास्टिंग आलं की अजून हातानंच करावं लागतं, आणि असं हातानं करणारा सुतार कोल्हापुरात दिवा घेऊन शोधावा लागतो. तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या वकिलांनी एक माणूस पाठवला. "सुतारकाम येतं. कळंब्यात शिकलाय." मला वाटलं, कळंबा गावातला कुणी असेल.

कळंबा गावातला नव्हता, कळंबा जेलमधला होता. सतरा वर्षं.

आम्ही त्याला मामा म्हणतो. गाव सांगत नाही. गुन्हा सांगतो, कारण तो स्वतःच पहिल्या दिवशी चहा घ्यायच्या आधी सांगून मोकळा झाला. बांधाचं भांडण. चुलतभावानं बांध कोरला, याच्या हातात खोरं होतं. पुढचं सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात ऊस जेवढा पिकतो तेवढीच ही भांडणंही पिकतात. तेव्हा मामा अडतीसचा होता आणि मुलगा चार वर्षांचा. जन्मठेप झाली.

कट्ट्यावर म्हणे एकजण म्हणाला, "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, त्यात दिवस-रात्र वेगळी मोजत्यात, म्हणजे सातच." हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. साफ खोटं आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. गांधीहत्येच्या खटल्यातल्या गोपाळ गोडसेनं सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता, त्यावर १९६१ मध्येच न्यायालयानं सांगितलं की चांगल्या वागणुकीचे माफीचे दिवस कितीही साठले तरी जन्मठेपेचा कैदी आपोआप सुटत नाही, सरकारनं तसा आदेश काढावा लागतो. चौदा हा आकडा वेगळ्या जागी येतो. १९७८ ला फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घातलं गेलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकार त्याला सोडू शकत नाही. म्हणजे चौदा वर्षांनी दार उघडत नाही, दार वाजवायची परवानगी मिळते. आता नवीन संहितेत हेच कलम ४७५ झालंय. नंबर बदलले, चाल तीच.

तर मामाची चौदा वर्षं भरली आणि सुटकेची फाइल निघाली.

ही फाइल कशी फिरते ते सांगतो, कारण ते माहीत असल्याशिवाय या विषयावर कट्ट्यावर बोलण्यात अर्थ नाही. कारागृह अधीक्षक प्रस्ताव करतात. वागणूक कशी, काम काय केलं, संचित रजेवर, म्हणजे कैद्याला घरी जायला मिळणाऱ्या सुट्टीवर, गेला तेव्हा वेळेवर परत आला का. मग पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचं मत, ज्या न्यायालयानं शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचं मत. हे सगळं गोळा होऊन गृह विभागात जातं. गुन्ह्याच्या प्रकारावरून शासनानं वर्षं ठरवून दिलेली आहेत, तुमची फाइल कुठल्या प्रकारात बसते त्यावर सगळं अवलंबून. रागाच्या भरात झालेला एकट्याचा गुन्हा एका प्रकारात, कट करून केलेला दुसऱ्यात. कागदावर पद्धत चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही.

पण मामाची फाइल आधी एका कार्यालयात आठ महिने पडली. मग त्रुटी काढून परत आली. त्रुटी काय, तर निकालपत्राची प्रत अस्पष्ट. नवी प्रत लावली, तर तोवर पोलीस अहवाल जुना झाला म्हणून नवा मागवला. तो अहवाल मी नंतर वाचलाय. दोन ओळींचा. सोडल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही. कुणी सांगितलं? गावात कुणाला विचारलं? मामा सात-आठ वेळा रजेवर त्याच गावात येऊन गेला होता, कोरोनात सोडला होता तेव्हा महिनोनमहिने तिथंच होता, बोलावल्यावर स्वतःच्या पायानं परत गेला. यातलं काही त्या दोन ओळींत नव्हतं. शक्यता काय, उद्या माझ्या हातूनही शांतता भंग होण्याची नाकारता येत नाही.

माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. सगळ्यांना सोडा असं मी म्हणत नाही. जो माणूस आज समोर बसलाय त्याला बघा, आणि नाही म्हणायचं असेल तर का नाही ते लिहा. सतरा वर्षांपूर्वीचा एफआयआर पुन्हा वाचून आजच्या माणसाचा निकाल लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली लक्ष्मण नस्करच्या निकालात कसोट्या सांगून ठेवल्यात: पुन्हा गुन्हा होण्याचा संभव आहे का, गुन्हा करण्याची ताकद याच्यात उरलीय का, आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, घरची स्थिती काय, आणि गुन्ह्याचा परिणाम समाजावर झाला की दोन माणसांपुरता होता. पाच साधे प्रश्न. आपल्याकडं मुलीला स्थळ बघायला जाताना माणसं याच्यापेक्षा जास्त चौकशी करतात.

लगेच कुणीतरी म्हणणार, मग गुजरात दंगलीत बिल्किस बानोवर बलात्कार करणाऱ्यांना सोडलं तेही चांगलंच की? अजिबात नाही. १५ ऑगस्ट २०२२ ला अकरा जणांना सोडलं आणि बाहेर हार घातले, ते बघून मला स्वतःला जेवण गेलं नव्हतं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती माफी रद्द केली, कारण खटला महाराष्ट्रात चालला होता आणि गुजरात सरकारला तो अधिकारच नव्हता. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मतही विरोधात होतं. एकीकडं कुणी न बघता हार, दुसरीकडं कुणी न बघता दोन ओळी. दोन्हीकडं माणूस बघितलाच नाही.

शेवटी मामाच्या पोरानं मुंबईला हेलपाटे घातले. वीस वर्षांचा पोरगा, कागदांची पिशवी छातीशी धरून महालक्ष्मी एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून जायचा, सकाळी मुंबईत उतरून हायकोर्ट. तारीख पडली की पुन्हा रात्रीची गाडी. सरकारच्या मोफत विधी सेवेतून मिळालेले वकील चांगले होते म्हणून निभावलं, मामा सुटला. १७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके वाजवले, स्टेटस ठेवले. चाळीस-एक वर्षांची मागणी होती, वाजवायलाच हवे होते. मला मात्र त्या दिवशी तो जनरल डबा आठवला. आता सहा जिल्ह्यांतल्या कैद्यांच्या आईबापांना सीपीआर हॉस्पिटलसमोर उतरलं की झालं. भाऊसिंगजी रोडवर पार्किंग मिळत नाही ही वेगळी गोष्ट.

आणखी एक गोष्ट बदलली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं की कैदी पात्र झाला की त्याच्या अर्जाची वाट बघायची नाही, आपणहून विचार करायचा, आणि नकार द्यायचा तर कारणं लिहून त्याला कळवायची. मामाच्या वेळी हे असतं तर त्याची अडीच वर्षं वाचली असती. हे खाली किती झिरपतंय ते बघायला पाहिजे. आपल्या आमदारांना रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर हेही विचारायला हरकत नाही.

जागेचा विचार तरी करा. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजार आणि आत माणसं ५ लाख ७३ हजार. त्यातले चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत बसलेले किती असतील ते आपापल्या ओळखीच्या वकिलाला विचारा.

आता जी गोष्ट मला जड जाते ती. गेल्या दिवाळीत मी मामाच्या गावी गेलो होतो. ज्याचा जीव गेला त्याच्या बायकोलाही भेटलो. मामाला न सांगता. काकू जोत्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी काय सांगायला गेलो होतो मलाच माहीत नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यो सुटला. माझा माणूस सुटून येणार हाय व्हय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. पण बोलता बोलता कळलं की या सगळ्या वर्षांत सरकारी माणूस त्यांच्या दारात एकदाच आला, तोही अहवालावर अंगठा घ्यायला. कैद्याच्या मजुरीतला काही भाग बळीच्या घरी जावा, त्यासाठी कायदा करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये सुचवलंय. फौजदारी कायद्यात नुकसानभरपाईची योजना आहे. काकूंना यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. मामाला आणखी दहा वर्षं आत ठेवलं असतं तरी कुणी सांगितलं नसतं. पिकअपमधून परत येताना मला सारखं वाटत होतं की आपण "न्याय" म्हणून जे काही चालवतोय त्यात त्या बाईचं कामच काय, तर अंगठा देणं.

मामा कसा आहे विचाराल, तर तऱ्हेवाईक आहे. जेवणाचा डबा साडेदहालाच उघडतो, आणि संध्याकाळी साडेपाचला भूक लागली म्हणून अस्वस्थ होतो, कारण आत त्या वेळेला जेवून बंदी व्हायची, म्हणजे बरॅकीत कोंडायचे. पोरं चिडवतात, "मामा, बंदी झाली काय?" तोही हसतो. लाइट बंद असेल तर त्याला झोप येत नाही, बरॅकीत रात्रभर दिवा असायचा. पटाशी मात्र अशी धरतो की बघत राहावं. ओतल्यावर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आटतं म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो, त्याची वेगळी पट्टी असते. ही पट्टी त्यानं आत असताना कधी बघितली नव्हती. दोन दिवसांत शिकला. एकदाही माल परत आलेला नाही. गल्ल्याची चावी दुसऱ्या वर्षापासून त्याच्याकडं आहे.

खोली मिळायला मात्र चार महिने लागले. भाडेकराराला पोलीस पडताळणी आली की घरमालक गप्प. रेशन कार्डावरचं नाव गेलेलं, बँकेत केवायसी नाही. शिक्षा संपलीय असं आपण कागदावर म्हणतो खरं.

आणि हे सगळं कोल्हापुरात व्हावं? याच गावात शाहू महाराजांनी १९१८ ला जातीवरून गुन्हेगार ठरवलेल्यांची सक्तीची सरकारी हजेरी बंद केली. ज्यांना सगळे चोर म्हणायचे त्या फासेपारध्यांना सोनतळीला घरं दिली आणि पहाऱ्यावर नेमलं. शेजारच्या औंध संस्थानात १९३९ ला भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरनं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात अशी खुली वसाहत. त्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि आपल्या व्ही. शांतारामबापूंनी १९५७ ला 'दो आँखें बारह हाथ' काढला. तो सिनेमा टीव्हीवर लागला की डोळ्याला पदर लावणारी माणसं मला भेटतात. त्यातल्याच एका मावशींनी मामाला खोली नाकारली होती. आणि अंबाबाईच्या प्रसादाचा लाडू कळंब्यातल्या कैद्यांच्या हातचा होता, तेव्हा कुणी विचारलं होतं काय, कुठल्या कलमातला आहे म्हणून?

असो. चिडून लिहिलं की लांबतं.

कामाचं. पुढच्या महिन्यात आणखी एक जण सुटतोय. मामानंच सांगितलं. वय बावन्न, आत शिवणकाम केलंय, मशिनवर हात चांगला आहे, पँट-शर्ट दोन्ही जमतं. पगार रीतीप्रमाणे द्या, दया म्हणून नको. अडचण राहायच्या जागेची आहे. कुणाची गारमेंटची युनिट असेल आणि मागं एखादी खोली असेल तर इनबॉक्स करा. गुन्हा काय ते मी फोनवर सांगीन, तोही स्वतः सांगेल. त्याआधी एकदा शॉपवर येऊन मामाला भेटा. साडेपाचच्या आधी या, नंतर त्याला भूक लागते.